अर्न पायबसचं मिनिट

१

तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस रोज पहाटे एक मिनिट उभं राहायला लागलं, आणि ते मिनिट दिवसेंदिवस लांबत गेलं, तर तुम्ही काय कराल? डॉक्टरांकडे न्याल ना? ग्लेनिसनंही तेच केलं. टेप-मशीन दुरुस्त करणारा माणूस शोधावा, हे तिच्या डोक्यात फार उशिरा आलं.

ग्लेनिस पायबस अठ्ठावन्न वर्षांची. टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्याजवळ, बटाट्याच्या लाल शेतांमधल्या लोअर बार्टन गावात ती आईबरोबर राहायची. आईचं नाव हेझल, वय शहाऐंशी. मायलेकींची सकाळ ठरलेली होती. पावणेसहाला उठायचं, शेगडीत एक लाकूड सारायचं, किटली ठेवायची. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून टोस्टच्या कडा काढायची आणि त्या बाहेरच्या पाखरांना टाकायची.

मागच्या मे महिन्यात कधीतरी ग्लेनिसच्या लक्षात आलं, की सहाचे ठोके पडले की आई उठून उभी राहते. हात बाजूला सरळ, नजर समोर. मग थोड्या वेळानं बसते आणि टोस्ट हातात घेते. पाठ अवघडत असेल, असं ग्लेनिसला वाटलं.

जूनमध्ये चहा निवायला लागला. ग्लेनिसनं घड्याळ लावून बघितलं, सात मिनिटं.

"आई, बस ना गं."

बसल्यावर आई म्हणाली, "मधे बोलू नये, ग्लेनी. एवढं तरी तुला शिकवलंय."

"कशाच्या मधे?"

"मिनिटाच्या."

नाताळापर्यंत ते मिनिट पंचवीस मिनिटांचं झालं होतं. फेब्रुवारीत पाऊण तासाचं. खांद्याला धरून बसवायला जावं, तर ती हलत नसे. जेमतेम अडतीस किलोची, काटकीसारखी बाई, पण जमिनीत पुरलेल्या खांबासारखी उभी. शेवटी गुडघेच दुमडायचे आणि ग्लेनिस तिला झेलायची. मिनिट संपलं म्हणून ती आता कधी बसत नसे.

आणि ती कधी म्हणाली नाही, की पाय दुखतात. ग्लेनिसला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती याची.

२

आता ते मिनिट कुठलं, ते सांगायला हवं.

ग्लेनिसचे वडील अर्न पायबस लढाईत बिगुल वाजवायचे आणि परत आल्यावर गावात वाजवायचे. दर वर्षी पंचवीस एप्रिलला, अँझॅक दिनाच्या, म्हणजे लढाईत मेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाच्या पहाटे, सभागृहासमोरच्या स्मारकापाशी सगळं गाव अंधारात उभं राहतं. आधी निरोपाची धून, मेलेल्यांना झोपवणारी. मग एक मिनिट शांतता. मग जागं करणारी धून, की झालं, नवा दिवस उगवला, चला. ती वाजली की लोक टोप्या डोक्यावर घालतात आणि सभागृहात चहाला जातात.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरनं अर्नला सांगितलं, सगळे दात काढावे लागतील. दात गेले की बिगुल गेला. म्हणून दात काढायच्या आदल्या दिवशी अर्ननं सभागृहाच्या रंगमंचावर मोठं रिळांचं टेप-मशीन ठेवलं आणि दोन्ही धुना वाजवून घेतल्या. टेप वाचवायला मधे मशीन बंद करू, असं कुणीतरी सुचवलं. अर्न म्हणाला, "बंद कशाला? मी उभा राहीन की मिनिटभर." आणि राहिला. दहा वर्षांची ग्लेनिस पहिल्या रांगेत बसली होती. हलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

त्यामुळे त्या टेपवरची शांतता कोरी नव्हती. तिच्यात सभागृहाचं घड्याळ टिकटिकायचं. बाराव्या सेकंदाला लहान ग्लेनिसचा बूट फरशीवर घासायचा. चाळीसच्या सुमाराला बाहेर टिटवी ओरडायची. मग अर्न ओठ ओले करायचा, त्याचाही आवाज यायचा, आणि दुसरी धून सुरू व्हायची. अर्न जाऊन तीस वर्षं होत आली, तरी दर वर्षी गाव त्याच्याबरोबर मिनिटभर उभं राहायचं.

मागच्या वर्षी बूट घासला, आणि टिटवी ओरडायच्या आधी मशीन बंद पडलं.

लोक उभेच. कुणी खोकलं, कुणाचं तरी बाळ हसलं. दोन-तीन मिनिटांनी माजी सैनिकांच्या मंडळाचे अध्यक्ष नेव्हिल म्हणाले, "अर्न दमला बहुतेक. चला, न्याहारी थंड होतेय." सगळे हसले आणि आत गेले. दुसरी धून कुणी वाजवली नाही, तोंडानं गुणगुणलीसुद्धा नाही.

आई म्हणाली होती, "अजून झालं नाही." ग्लेनिसनं ऐकलं होतं. पण तिच्या हातात बिस्किटांचे डबे होते.

३

मार्चमध्ये आई खाली पडली. ग्लेनिस न्हाणीघरात होती, झेलायला कुणी नव्हतं. हाड मोडलं नाही, पण कमरेवर वांग्याएवढा काळानिळा डाग उठला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, स्वभावानं चांगल्या. "या वयात मेंदू कधी कधी एकाच गोष्टीत अडकतो," त्या म्हणाल्या. "ग्लेनिस, तू एकटी किती दिवस बघणार? नर्सिंग होममध्ये एक खाट एक मेपासून रिकामी होतेय. तिथं त्यांना पट्ट्यानं खुर्चीत बसवून ठेवता येईल."

पट्ट्यानं. ग्लेनिसनं मान हलवली आणि फॉर्म पर्समध्ये ठेवला.

त्या संध्याकाळी तिनं फोनवर जागं करणारी धून शोधली. दुसऱ्या दिवशी सहाला आई उभी राहिली, तशी तिनं ती मोठ्यानं लावली. स्वच्छ, सुरेख वाजली. आईची पापणी हलली नाही. दीड तासानं खाली कोसळल्यावर ती एवढंच म्हणाली, "तो कोण होता? चांगला वाजवतो. पण आपला नव्हे."

मेंदू अडकलाय, ग्लेनिसनं स्वतःला समजावलं. जुन्या आठवणीत अडकलाय, एवढंच. तिचा त्यावर विश्वास बसतही होता. तेवढ्यात नेव्हिल तिच्या किराणा दुकानात आले.

ते अँझॅक दिनाचं ठरवायला आले होते. "ग्लेन, यंदा तुझ्या त्या खोक्याला सुट्टी. नातवानं मला स्पीकर आणून दिलाय, मुठीएवढा. आवाज ऐकशील तर मेलेले खरंच उठतील."

"बाबांचा बिगुल नाही वाजवायचा?"

"अगं, मशीन मेलंय. टेप आत अडकलीय. ओढून काढू म्हटलं, तर..." दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांनी मागं वळून बघितलं. "तर हात पुढं होईना. वर्षभर तसंच ठेवलंय, ताडपत्रीखाली."

"हात पुढं का होईना?"

नेव्हिलनी खोकल्याची गोळी उचलली, परत ठेवली. मोठा धिप्पाड माणूस, लाज वाटल्यासारखा टोपी फिरवत राहिला.

"हेझल कशी आहे? अजून उभी राहते?"

"हो."

"सहाला?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सहाला मी गोठ्यात असतो," नेव्हिल म्हणाले. "दूध काढायचं यंत्र लावलेलं असतं. आणि मी... मीही उभा असतो, ग्लेन. पाच मिनिटं. आता सहा झाली असतील. मला कळतं मी उभा आहे, पण आता बस झालं, असं वाटतच नाही. बायकोला सांगू नकोस हं. ती मला तुझ्या त्या डॉक्टरणीकडे धाडेल."

त्या दिवशी ग्लेनिसनं पर्समधला फॉर्म काढला, त्याची घडी केली आणि शेगडीजवळ ठेवला. अजून टाकला नव्हता. पण आत टाकण्याइतका जवळ ठेवला.

४

जुनं यंत्र दुरुस्त करणारा माणूस शोधणं म्हणजे काय, ते ज्यानं शोधलाय त्यालाच माहीत.

होबार्टच्या दुकानातला मुलगा आधी हसला आणि मग म्हणाला, "आजी, आम्ही विकतो. दुरुस्त नाही करत." ग्लेनिसला कुणी पहिल्यांदाच आजी म्हणालं होतं. लॉन्सेस्टनच्या माणसानं यंत्राचं वर्णन ऐकून घेतलं, दोनदा 'अरेरे' म्हटलं आणि एक नंबर दिला. तो नंबर बंद होता. समुद्रापलीकडे मेलबर्नमध्ये एक जण होता, पण यंत्र पोस्टानं पाठवा म्हणाला. सहा महिने लागतील, आणि टेप आत असेल तर आधी कापून काढा.

"कापून?"

"दुसरा उपाय नाही, ताई."

तिनं फोन ठेवला. आपण एवढ्या का घाबरलो, हे तिला सांगता आलं नसतं.

एप्रिलच्या दहा तारखेला ती जुन्या कपड्यांच्या दुकानात आईच्या लोकरी सदऱ्यांची पिशवी द्यायला गेली. तिथल्या फळ्यावर, हरवलेल्या मांजराच्या आणि शेणखताच्या जाहिरातींमध्ये एक पिवळा कागद होता. कडा उन्हानं वाकलेल्या. वर निळ्या शाईत लिहिलं होतं: जुने रेडिओ, ग्रामोफोन, टेप. हार्म वेल्डकँप, वरचा रस्ता. सकाळी फोन करू नये, मी झोपलेला असतो.

"हा आहे का अजून?" तिनं गल्ल्यावरच्या बाईला विचारलं.

"हार्म? असेल की. तो डचमन ना? मेला असता तर टिनाच्या छपराचे पैसे मागायला माझा नवरा शवपेटीमागं गेला असता."

पाच मैलांवर होता. एवढे दिवस पाच मैलांवर.

५

नेव्हिलनी आणि त्यांच्या मुलानं मशीन उचलून ग्लेनिसच्या गाडीच्या डिकीत ठेवलं. रिळं होती तशीच, टेप मधे ताणलेली, एक चकती अर्धी भरलेली, एक अर्धी रिकामी.

ती चालवायला बसली, इंजिन सुरू केलं आणि गाडी टिंग टिंग वाजू लागली.

शेजारच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं की ती वाजते. ग्लेनिसनं बघितलं. सीट रिकामी होती, पर्ससुद्धा मागं होती. तिनं सीटवर हात दाबला, तरी वाजतच राहिली. वायर हलली असेल. डिकीत जड वजन आलं, काहीतरी दबलं असेल. असंच असणार.

वरच्या रस्त्याला लागेपर्यंत तिचं डोकं त्या आवाजानं भणभणलं. तिनं गाडी बाजूला घेतली, हात लांब करून रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खटक्यात बसवला.

आवाज थांबला.

पट्टा सीटला चिकटून पडायला हवा होता. तो पडला नाही, थोडा पुढं राहिला. ग्लेनिसनं पुढं रस्त्याकडे बघितलं आणि हार्मच्या फाटकापर्यंत नजर वळवली नाही.

हार्म वेल्डकँप ब्याऐंशी वर्षांचा, उंच, वाकलेला. चष्मा दोरीनं गळ्यात. तो शेडच्या दारातून बघत होता.

"ये पोरी. कॉफी गरम आहे. आणि त्यांनाही बोलव की, गाडीत कशाला बसवलंस?"

"मी एकटीच आलेय."

हार्मनं चष्मा डोळ्यांवर चढवला, गाडीकडे बघितलं, परत काढला. "बरं," म्हणाला.

शेडमध्ये मशीनचं झाकण उघडल्यावर मात्र तो दुसराच माणूस झाला. बोटं हळू झाली, आवाजही हळू झाला. "हा बघ, रबरी पट्टा. वितळलाय. डांबर झालंय त्याचं. ते ओघळलं रोलरवर आणि टेप त्याला चिकटली. मशीन मेलेलं नाही. धरून ठेवलंय त्यानं." तो चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाला, "कुणी ओढली नाही ना?"

"नाही."

"शाबास. ओढली असती तर तुटली असती. मी स्पिरिट लावून बोटभर-बोटभर सोडवतो. वेळ लागेल."

"पंचवीस तारखेच्या आधी?"

"या टेपवर काय आहे, पोरी?"

ग्लेनिसनं सांगितलं. आईचं सांगितलं. नेव्हिलचं नाव न घेता त्यांचंही सांगितलं. हा म्हातारा हसेल, असं तिला वाटत होतं.

हार्म हसला नाही. त्यानं कपातली साखर ढवळली. "माझ्या बापाची एक सवय होती," तो म्हणाला. "गाणं अर्ध्यावर असताना रेडिओ बंद करायचा नाही. घराला आग लागली तरी. आम्ही पोरं हसायचो. पण मीही तसंच करतो. का, ते विचारू नकोस, मलाच माहीत नाही."

परतीच्या वाटेवर गाडी वाजली नाही. शेजारच्या सीटचा पट्टा तिनं सोडला, तेव्हा तो नेहमीसारखा सर्रकन आत गेला.

६

बावीस तारखेला हार्मचा फोन आला, दुपारी.

"झालंय. येऊन घेऊन जा, आणि आजच." मग म्हणाला, "माझी कुत्री बारा दिवस शेडमध्ये आली नाही. दारात उभी असायची. रात्रीही. बसायचीच नाही गं. म्हातारी कुत्री आहे, तिला संधिवात आहे."

ग्लेनिस गेली तेव्हा ती तांबूस कुत्री खरंच उंबऱ्याशी उभी होती. चारही पाय थरथरत होते. मशीन डिकीत गेलं, तशी ती तिथंच धाडकन खाली बसली आणि लगेच झोपली.

"चालवून बघितलं?" ग्लेनिसनं विचारलं.

"माझ्या टेपवर. ह्या टेपला मी हात लावला तो फक्त सोडवायला. जिथं थांबली तिथंच आहे, केसभरही पुढं नाही." हार्मनं हात पुसले. "आता तू ठरव. मागं गुंडाळून पहिल्यापासून लावायची, की तिथूनच पुढं?"

ग्लेनिस गाडीत बसली. इंजिन सुरू झालं, गाडी टिंग टिंग वाजू लागली. या वेळी तिला आधीपासून माहीत होतं. तिनं हात लांब केला, पट्टा ओढला आणि तो अंदाजानं, जिथं छाती असेल तिथून, सैल सोडून बसवला. लहानपणी बाबा तिच्या कोटाची बटणं लावायचे, तसा.

"सावकाश चालवते," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते तिनं मनातसुद्धा उच्चारलं नाही.

घरी तिनं आईला हार्मचा प्रश्न विचारला. आई मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तिथूनच. माणसाला पुन्हा पहिल्यापासून उभं करू नकोस. वर्ष झालं."

७

चोवीस तारखेच्या दुपारी चार वाजता नेव्हिलनी सभागृह उघडलं. उद्याची तयारी झालेली होती. खुर्च्या मांडलेल्या, फुलांची चक्रं भिंतीशी टेकवलेली, ओट्सच्या बिस्किटांचे डबे एकावर एक. मशीन रंगमंचासमोरच्या टेबलावर ठेवलं, त्याचा कर्णा डावीकडे. रंगमंचाचा हिरवा पडदा बंद होता. तो नेहमीच वीतभर आखूड होता, खालून फळ्या दिसायच्या.

हार्म टेबलाशी, नेव्हिल दाराशी. ग्लेनिस पहिल्या रांगेत बसली. बसल्यावर तिला कळलं, ही तीच जागा. आई तिच्याशेजारी उभी राहिली, खुर्चीच्या पाठीला हात लावून.

"लावू?" हार्मनं विचारलं.

"लाव," आई म्हणाली.

रिळं फिरू लागली.

आधी फक्त खरखर. मग घड्याळाची टिकटिक. सभागृहाचं घड्याळ वीस वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं, पण टिकटिक खोलीत आली आणि तिथलीच असल्यासारखी राहिली. ग्लेनिस मोजू लागली. बूट तर मागच्या वर्षीच होऊन गेला. आता टिटवी, फार तर पंचवीस सेकंदांत.

तीस झाले. चाळीस झाले. टिटवी नाही.

टेप ताणली गेली असेल, तिनं विचार केला. स्पिरिटनं आवाज पुसला गेला असेल. साठ. नव्वद. हार्मनं मशीनच्या आकड्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि हळूच मान हलवली. वेग बरोबर होता. रिळं बरोबर फिरत होती. फक्त मिनिट संपत नव्हतं.

मागं नेव्हिलनी टोपी काढली.

आई खुर्चीच्या पाठीवर रेलायला लागली. तिला बसवावं, असं ग्लेनिसला वाटलं आणि ती उठणार, तोच तिला ऐकू आलं, की टिकटिकीच्या खाली आणखी एक आवाज आहे. श्वास. दमलेल्या माणसाचा, नाकानं घेतलेला, छाती पुढं काढून धरलेला. तो आवाज कर्ण्यातून येत नव्हता. कर्णा डावीकडे होता.

श्वास समोरून येत होता.

ग्लेनिसची नजर आपोआप खाली गेली. पडद्याखालच्या वीतभर फटीत दोन बूट होते. टाचा जुळलेल्या, चवडे बाहेर. काळे, घासून चमकवलेले. डाव्या बुटाची नाडी दोनदा गाठ मारलेली, बाबा मारायचे तशी. चामड्याला वरपर्यंत सुरकुत्या पडल्या होत्या, फार वेळ एकाच जागी उभं राहिल्यावर पडतात तशा.

तिनं नजर वर उचलली नाही. पडदा पातळ होता, हे तिला माहीत होतं.

हलायचं नाही, हलायचं नाही. दहा वर्षांची असताना ती हलली होती, एकदाच, बाराव्या सेकंदाला. आता तिनं दोन्ही पावलं फरशीवर घट्ट दाबली. पाय दुखायला लागले, पोटऱ्या तटतटल्या. घड्याळ टिकटिकत होतं, आणि तिला वाटलं, आपणही आता इथंच राहणार.

आणि टिटवी ओरडली.

कर्ण्यातून ओरडली की बाहेरच्या कुरणातून, कुणालाच सांगता आलं नाही. पाठोपाठ ओठ ओले केल्याचा बारीक आवाज आला. मग बिगुल.

जागं करणारी धून काही मोठी नसते. अर्न ती जराशी घाईत वाजवायचा, शेवटच्या स्वराला नेहमी किंचित चुकायचा. तशीच वाजली, तशीच चुकली. ग्लेनिसनं डोळे मिटून घेतले होते. फळ्यांवर काहीतरी हललं, एक पाऊल, मग दुसरं, मोकळं, कवायतीतून सुटलेल्या माणसाचं. पडद्याची कडी वाजली. मग फक्त टेपची खरखर, आणि रिकामं रीळ फटफट फिरण्याचा आवाज.

तिनं डोळे उघडले. पडद्याखाली फळ्या होत्या, नुसत्या.

शेजारी खुर्ची करकरली. आई बसली होती. तिनं दोन्ही हातांनी गुडघे धरले होते आणि चेहरा वेडावाकडा केला होता.

"ग्लेनी," ती म्हणाली, "पाय किती दुखतायत गं माझे!"

ग्लेनिस तिच्यासमोर फरशीवर बसली, तिचे बूट काढले आणि तिची पावलं मांडीवर घेऊन चोळू लागली. ती रडत होती की हसत होती, ते नेव्हिलनाही कळलं नाही. नेव्हिल दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. टोपी डोक्यावर परत गेली होती.

"अहो हार्म," ते म्हणाले, "टेप पहिल्यापासून लावायला किती वेळ लागतो?"

"गुंडाळायला? दोन मिनिटं."

"मग उद्यासाठी गुंडाळून ठेवा. माझ्या नातवाच्या स्पीकरवर गाणी वाजवू, न्याहारीच्या वेळी."

हार्मनं रीळ परत गुंडाळलं. घरी जाताना ग्लेनिसची गाडी एकदा टिंग वाजली, कारण आईनं पट्टा लावला नव्हता. आईनं तो लावला. सीटला घट्ट, छातीवर चापून बसला.

शेगडी पेटवताना ग्लेनिसनं फॉर्म आत टाकला.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला स्मारकापाशी टेप पहिल्यापासून वाजली. बाराव्या सेकंदाला बूट घासला, चाळीसला टिटवी ओरडली आणि साठाव्या सेकंदाला बिगुल वाजला. हेझल पायबस मात्र कार्यक्रमाला आली नाही. ती आठ वाजेपर्यंत झोपली होती.